गुठळीची कुंडली

मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: "धाकट्या भावाला 42व्या वर्षी अटॅक आला, स्टेंट बसवला. मी जीन टेस्ट करून घेऊ का?" तयारी करून आणलेलं राहू दे, या चिठ्ठीवरच बोलतो.

आधी गुठळी बघू. अँजिओप्लास्टीच्या वेळी कधीकधी ती बारीक नळीने ओढून काढतात आणि गाळणीवर धुतात. तांदळाच्या कणीएवढी असते. रुग्ण लवकर आला असेल तर पांढुरकी, कारण तिच्यात प्लेटलेट जास्त. वेळ जाईल तसे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे वाढतात, तांबड्या पेशी त्यांत अडकतात, गुठळी लाल होते. "ॲसिडिटी असेल, सकाळी बघू" म्हणत काढलेली रात्र त्या गाळणीवर दिसते.

आता जीन. रिपोर्टात पहिलं नाव बहुधा 'फॅक्टर फाइव्ह लायडन'चं असतं. लायडन हे नेदरलँड्समधलं गाव. तिथे 1994 साली हा बदल सापडला. रक्त गोठायला मदत करणाऱ्या पाचव्या घटकाला आपलं शरीर ठरावीक जागी कापून निकामी करतं. या लोकांत कापायची ती जागाच बदललेली असते. त्यामुळे गुठळ्या होतात, पण मुख्यतः पायाच्या शिरांमध्ये. हृदयाच्या धमन्यांशी त्याचा संबंध अगदी हलका. शिवाय युरोपीय वंशाच्या लोकांत तो शंभरात पाचेकांना, आपल्याकडे विरळाच. तरी महागड्या पॅकेजात तो असतोच, आणि 'निगेटिव्ह' वाचून लोक पेढे वाटायचेच बाकी ठेवतात.

एकदम ढीगभर जीन तपासणारी मोठमोठी पॅनेलं बघितली की मला 'आयसिस-2' आठवते. 1988 सालची चाचणी, 17,187 रुग्ण. अटॅकमध्ये ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पाव हिश्श्याने घटले. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांचे जन्मराशीप्रमाणे गट पाडले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना फायदा शून्य! (पाश्चात्त्य राशी बरं का, आपली पंचांगं काढू नका.) गट पाडत गेलं की निव्वळ योगायोगानेही काहीतरी हाती लागतंच. शंभर जीन तपासले तरी तेच होतं.

मग जीन अगदीच निरुपयोगी? तसंही नाही. स्टेंटनंतर प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा झोपलेली असते. यकृतातलं सीवायपी2सी19 नावाचं एन्झाइम तिला जागं करतं. काहींच्या जीनमुळे हे एन्झाइम आळशी असतं. गोळी वेळेवर घेतली तरी प्लेटलेट चिकटतच राहतात आणि स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध खात्याने 2010 साली ठळक चौकटीत इशारा छापला. यातली निदान एक बिघडलेली प्रत आपल्याकडे फार जणांत सापडते. अशांना टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल देता येतं; प्रत्येकालाच चालतं असं नाही, रक्तस्रावाचा धोका बघावा लागतो.

तर चिठ्ठीवाल्यांनो, तुमच्यासाठी साधी रक्ततपासणी: लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. त्याचं प्रमाण बहुतांशी आईवडिलांकडूनच ठरून येतं, म्हणून एकदा केली तरी पुरते. सोबत साखर, बीपी, कोलेस्टेरॉल. लायडन राहू द्या लायडनला.

आणि भाषण संपल्यावर भेटा. भावाला कोणती गोळी चालू आहे ते मला विचारायचंय. तोवर त्याला ती बंद करायला लावू नका.