मॉन्टीच्या तीन डोलकाठ्या

[दृश्य: राखाडी पाणी. दूरवर गॅसवाहू जहाज. मधोमध पाण्याबाहेर आलेल्या तीन गंजक्या काठ्या.]

ओहोटी लागली आहे. शीअरनेसच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं, की दीडेक मैलावर तीन काठ्या दिसतात. आपल्याकडे खाडीत जाळी बांधायला खांब रोवलेले असतात, पहिल्या नजरेत तसंच काहीतरी वाटतं. आता दुर्बीण लावा. गंजाचे पोपडे, पक्ष्यांची शीट, आणि एक पाटी. पाटीवर लिहिलंय: धोका, न फुटलेला दारूगोळा. या जहाजाजवळ येऊ नका, वर चढू नका.

या आहेत डोलकाठ्या. त्यांच्याखालचं जहाज 1944 च्या ऑगस्टपासून इथेच आहे. कागदोपत्री नाव एस. एस. रिचर्ड मॉन्टगोमरी. शीअरनेसची माणसं नुसतं 'मॉन्टी' म्हणतात, गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला म्हणावं तसं.

आणि मॉन्टीच्या पोटात आजही सुमारे 1,400 टन स्फोटकं आहेत.

[दृश्य: नकाशा. टेम्स नदीचं मुख, शेपी बेट, मेडवे नदी.]

लंडनमधून येणारी टेम्स जिथे समुद्राला मिळते, त्या रुंद मुखाच्या दक्षिणेला शेपी नावाचं बेट आहे. बेटाच्या टोकाला शीअरनेस. बाजूलाच मेडवे नदीचं मुख. मेडवेत शिरणारी मोठमोठी जहाजं ज्या वाटेने जातात, ती वाट मॉन्टीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. पलीकडे आइल ऑफ ग्रेनवर द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवण्याचं टर्मिनल आहे. म्हणजे एका बाजूला चौदाशे टन दारूगोळा, दुसऱ्या बाजूला वायूच्या अजस्र टाक्या, आणि मधून टँकरची ये-जा. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, कुणीतरी मुद्दाम मांडणी केली असावी. तसं नाही. जहाज आधी बुडालं, बाकीचं सगळं नंतर आजूबाजूला उभं राहिलं.

[दृश्य: युद्धकाळातली कृष्णधवल चित्रं. जहाजबांधणी, वेल्डिंगच्या ठिणग्या.]

मॉन्टगोमरी हे लिबर्टी जहाज. युद्धात जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, म्हणून अमेरिकेने एका आराखड्यावर भराभर मालवाहू जहाजं बांधायला घेतली. अशी 2,710 जहाजं बांधून झाली. रिव्हेट मारत बसायला वेळ नव्हता, म्हणून बरेचसे सांधे वेल्डिंगने जोडलेले. जलद काम, स्वस्त काम. थंड पाण्यात किंवा वेडावाकडा भार आला की या जहाजांच्या पोलादाला तडे जातात, हे लवकरच ध्यानात आलं. मॉन्टगोमरी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला 1943 साली पाण्यात उतरलं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ते 6,000 टनांहून जास्त दारूगोळा घेऊन अमेरिकेतून निघालं. नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरून दोन महिने झाले होते आणि माल जायचा होता फ्रान्सच्या शेरबुर्ग बंदरात. टेम्सच्या मुखाशी थांबायचं, ताफा जमला की निघायचं, असा बेत. बंदराच्या अधिकाऱ्यांनी नांगर टाकायला जागा दिली ती शीअरनेस मिडल सँड या वाळूच्या दांड्याच्या कडेला. भरलेल्या जहाजाला 31 फूट पाणी लागत होतं. ओहोटीला तिथे तेवढं उरत नव्हतं.

गणित एवढंच होतं. कोळ्याच्या पोरालाही कळलं असतं.

20 ऑगस्ट 1944. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे पाण्याला उधाण. नांगर घसरला आणि जहाज दांड्याकडे सरकू लागलं. आसपासच्या जहाजांना ते दिसत होतं. त्यांनी भोंगे वाजवले. मॉन्टगोमरीचा कप्तान आपल्या खोलीत झोपला होता. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने त्याला उठवलं नाही. का उठवलं नाही, हे पुढे चौकशीतही त्याला सांगता आलं नाही. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की बंदराने दिलेली जागाच जहाजाला धोक्यात घालणारी होती. कप्तान आठवड्याभरात कामावर परत.

[दृश्य: भरती-ओहोटीचं साधं रेखाचित्र. वाळूवर टेकलेलं जहाज.]

आता उधाणाच्या भरतीत वाळूवर चढलेलं जहाज सुटतं कधी? पुढचं उधाण येईल तेव्हा. म्हणजे मधे जवळजवळ दोन आठवडे गेले. मधल्या भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी तेवढं चढतच नाही. तोवर रोज दोनदा ओहोटी, आणि दर ओहोटीला हजारो टन भार वाळूवर. जहाजाखालची वाळू सगळीकडे सारखी नसते. मधला भाग टेकतो, दोन्ही टोकं लोंबकळतात. लाकडी फळी गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी दाबावी, तसं.

रॉचेस्टरच्या गोदी कामगारांनी 23 ऑगस्टला माल उतरवायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी जहाजाला तडा गेला आणि पुढच्या होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कप्प्यांत, पाणी शिरलं. तरी त्या माणसांनी काम सोडलं नाही. पायाखाली चिरफाळत चाललेलं जहाज, वर दारूगोळ्याने भरलेली जाळी उचलणारी डेरिक, म्हणजे जहाजावरची यारी, आणि भरतीच्या वेळापत्रकाशी शर्यत. जहाजाचे पुढे दोन तुकडे झाले. 25 सप्टेंबरला काम थांबवावं लागलं तेव्हा मागचा भाग रिकामा झाला होता. एकूण माल अर्ध्याच्या आसपास निघाला.

पुढचा भाग, तीन होल्ड, तसाच राहिला.

[दृश्य: काळ्या पडद्यावर एकेक आकडा उमटतो.]

त्यात काय आहे, याची यादी आहे. 2,000 पौंडी बॉम्ब 286. 1,000 पौंडी 4,439. 500 पौंडी 1,925. फुटताच किरचा उडवणारे बॉम्ब आणि त्यांचे जुडगे मिळून 2,815. शिवाय धुराचे बॉम्ब, त्यांतले काही पांढऱ्या फॉस्फरसचे. फॉस्फरसचा गुण असा, की पाण्याखाली तो गुपचूप असतो आणि हवा लागली की आपोआप पेटतो.

आपण मुंबईकर हे जरा वेगळ्या कानांनी ऐकतो.

[दृश्य: व्हिक्टोरिया डॉकचं जुनं छायाचित्र. धुराचा लोट.]

मॉन्टगोमरी वाळूवर बसण्याच्या चार महिने आधी, 14 एप्रिल 1944 ला, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. त्यावर 1,395 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. वर कराचीत चढवलेल्या कापसाच्या 8,700 गाठी, तेलाची पिंपं, आणि सोन्याच्या 124 विटा. दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. फोर्ट स्टिकिनने तो लावला नव्हता.

दुपारी दोनच्या सुमाराला कापसाच्या होल्डमधून धूर दिसला. बंबवाले आले. पाण्याचे पाइप आत सोडले. आणि जहाजावर, धक्क्यावर, जबाबदार माणसांची चर्चा सुरू झाली. जहाज इथेच बुडवावं? पण गोदीत पाणी इतकं उथळ, की बुडवूनही वरचा भाग बाहेरच राहील. ओढून समुद्रात न्यावं? वाटेत फुटलं तर? बुडवा म्हणणारे होते, ओढा म्हणणारे होते, आग विझेल म्हणणारेही होते. हुकूम देणारं मात्र कुणी नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आठशेच्या वर माणसं मेली, काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. 14 एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे.

दोन्ही आकडे शेजारी ठेवायचा मोह होतो. तिकडे चौदाशे, इकडेही चौदाशे. हिशेब अगदी बरोबरीचा नाही, कारण टेम्समधला आकडा निव्वळ स्फोटक द्रव्याचा आहे, बॉम्बच्या लोखंडी कवचांसकट नाही. म्हणजे मॉन्टीचा घास मोठा आहे. पण तिच्याभोवती मुंबईसारखी वस्ती चिकटलेली नाही, आणि वर काही मीटर पाणी आहे. तुलना इथवरच.

मला या दोन जहाजांत सारखी वाटते ती दुसरीच गोष्ट. काय करायचं यावर एकमत होत नाही. मुंबईत ती घालमेल दोन तास चालली. टेम्समध्ये ती ऐंशी वर्षांच्या वर चालू आहे.

[दृश्य: सोनार यंत्राने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या ध्वनिलहरींनी, टिपलेलं जहाजाचं रंगीत चित्र. दोन तुकडे, मधे फट.]

मग काढून का टाकत नाहीत? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा.

1967 मध्ये असाच एक प्रयत्न झाला होता. मॉन्टीवर नव्हे, केल्चे नावाच्या पोलिश जहाजावर. तेही दारूगोळा घेऊन 1946 साली इंग्लिश खाडीत, फोकस्टनजवळ बुडालेलं. ते मोकळं करताना 22 जुलै 1967 ला पाण्याखालचा माल फुटला. समुद्राच्या तळाला वीस फूट खोल खड्डा पडला, भूकंपमापकांवर 4.5 ची नोंद झाली, फोकस्टनमध्ये छपरांची नि खिडक्यांची पडझड झाली आणि लोक घाबरून रस्त्यावर आले. जीवितहानी नाही. पण केल्चे किनाऱ्यापासून तीन-चार मैल दूर होतं, खोल पाण्यात होतं, आणि त्यावरचा माल मॉन्टीपेक्षा कितीतरी कमी होता.

तेव्हापासून मॉन्टीला हात लावायचा विषय निघाला की कुणीतरी केल्चेचं नाव घेतं, आणि बैठक संपते.

1970 मध्ये ब्रिटनच्या लष्करी विज्ञान महाविद्यालयाने हिशेब मांडला. सगळा माल एकदम फुटला, तर तीनशे मीटर रुंद पाण्या-गाळाचा खांब जवळजवळ तीन किलोमीटर वर जाईल. पाच मीटर उंचीची लाट उठेल. शीअरनेसमध्ये क्वचितच एखादी काच शिल्लक राहील. 'सगळा माल एकदम' हे शब्द मात्र नीट ऐका. एक बॉम्ब फुटला तर बाकीचे फुटतीलच असं नाही. अधिकाऱ्यांचं म्हणणं आजही हेच, की जहाजाला धक्का लावला नाही तर मोठ्या स्फोटाची शक्यता फार कमी.

खरी मेख फ्यूजमध्ये आहे. टीएनटी, म्हणजे बॉम्बमधलं स्फोटक, हा तसा सोशीक पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो, आणि नुसत्या आदळआपटीने सहसा फुटत नाही. त्याला जागं करायला फ्यूज लागतो. मोठे बॉम्ब फ्यूज न बसवता भरले होते. किरचांचे जे बॉम्ब आहेत, ते फ्यूज बसवलेले. अशा फ्यूजमध्ये लेड अझाइड नावाचं चटकन उडणारं स्फोटक असतं. ते पाण्यात नीट भिजलं तर कालांतराने निकामी होतं. पण नुसतीच दमट हवा लागली, तर त्यातून निघणारं आम्ल आजूबाजूच्या पितळेतल्या तांब्याशी जुळून कॉपर अझाइड तयार होऊ शकतं. आणि ते जराशा घर्षणानेही उडतं. म्हणजे पाणी पूर्ण शिरलं असेल तर बरं, अर्धवट शिरलं असेल तर वाईट. आत जाऊन बघणार कोण?

याला आपल्याकडे म्हणतात, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. इथे फरक एवढाच, की सोडलेलं पळत नाही. जागच्या जागी कुजतं.

[दृश्य: बोयांचं कडं. दूरवर गस्तीची बोट.]

सध्या जे चाललंय ते असं. 1973 च्या कायद्याखाली हे धोकादायक बुडीत जहाज म्हणून जाहीर झालेलं आहे. भोवती बोयांचं कडं. त्याच्या आत विनापरवाना शिरणं हा गुन्हा. बंदराचं रडार चोवीस तास त्यावर नजर ठेवून असतं. सर्वेक्षणाची बोट येते, सोनार फिरवते, तडे मोजते. पत्रे झिजतायत, तडे वाढतायत, प्रवाह काही ठिकाणी जहाजाखालची वाळू खरवडून नेतोय. धोका फक्त आतूनच आहे असंही नाही. 1980 मध्ये रसायनं वाहणारं एक डॅनिश जहाज थेट मॉन्टीच्या रोखाने येत होतं, ऐनवेळी वळलं.

[दृश्य: शीअरनेसचा रस्ता. शाळेतून घरी जाणारी मुलं.]

आणि शीअरनेसचे लोक? ते राहतात. भाजी आणतात, कुत्रा फिरवायला नेतात, काठ्यांकडे पाहत आइस्क्रीम खातात. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका भिंतीवर मोठं चित्र रंगवलं गेलं. एक मत्स्यकन्या, तिच्या हाताखाली सुरुंग उडवायची पेटी, मागे पाण्यात मॉन्टी. वर स्वागताचा मजकूर: शीअरनेसला या, ब्लास्ट होईल! इंग्रजीत ब्लास्ट म्हणजे स्फोट, आणि धमालही. काहींना ते फार आवडलं, काहींनी नाकं मुरडली. ज्याच्या उशाशी बॉम्ब आहे त्याने विनोद केला तर बाहेरच्याने फार बोलू नये, असं मला वाटतं.

[दृश्य: पुन्हा तीन डोलकाठ्या. भरती चढते आहे.]

आता पाळी आली आहे या काठ्यांची. आठ दशकं उभ्या असलेल्या या जड लोखंडी काठ्या खालच्या कुजत्या सांगाड्यावर भार टाकतायत. एखादी कोसळून होल्डवर आपटली तर? म्हणून त्या कापून टाकायच्या, असं सरकारने 2020 मध्ये जाहीर केलं. 2022 चा मुहूर्त धरला. तो टळला. आसपासच्या तळात लोखंडाच्या वस्तू आढळल्या, आधी त्या काय आहेत ते पाहायला हवं होतं. मग पुढची तारीख, तीही टळली. बॉम्ब बाजूला राहिले, काठ्या कापण्यावरच घोडं अडलंय.

त्या कापल्या गेल्या की मॉन्टी दिसणार नाही. पाटीही जाईल. किनाऱ्यावरच्या माणसाला दिसतील ते फक्त बोये, आणि त्यांच्या मधलं दोनशे मीटरवरून टँकर जाताना हलणारं सपाट पाणी.

[दृश्य: पाणी काठ्यांवरच्या गंजाच्या रेषेपर्यंत चढतं. लांबून जहाजाचा भोंगा. काळा पडदा.]