सिडलफडीची वाट : परतीपासून आखलेला एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून एक विचार हमखास निघतो : यंदा बनशंकरीला जाऊन येऊ. आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. गाडी ठरते, डबे भरतात, बदामीची लेणी घाईघाईत बघितली जातात आणि रात्री सगळे दमून घरी. त्याच बदामीच्या डोंगरात एक चालण्याजोगी वाट आहे आणि ती बहुतेकांची राहून जाते. आज तिच्याविषयी बोलतो.

गावापासून साधारण चार किलोमीटरवर सिडलफडी नावाची जागा आहे. वालुकाश्माचा एक अजस्र खडक, मधून आरपार मोकळा, वरून दगडाचीच नैसर्गिक कमान. त्याला मोठमोठी भोकं आहेत. वीज कोसळली आणि ती भोकं पडली, असं तिथले लोक सांगतात. इथं आदिमानव आसऱ्याला राहिला आणि त्यानं भिंतीवर चित्रं काढली. बदामीचं तिसरं लेणं इ. स. ५७८ मधलं, मंगलेश चालुक्यानं कोरवलेलं. ही चित्रं त्याच्याही फार आधीची.

जाऊन-येऊन आठ किलोमीटर. दोर लागत नाही, पण बागेतला फेरफटकाही नाही. पायाखाली उघडा खडक, बाजूला काटेरी झुडपं, सावली नावाला. बेळगावजवळच्या यळ्ळूरचा राजहंसगड पायथ्याच्या गावातून चालत चढून बघा. वरपर्यंत गाडी नेऊ नका, ती फसवणूक झाली. तो चढ धाप न लागता जमला, तर हेही जमेल.

आता दिवस आखू. माझं म्हणणं एकच आहे : दिवस सकाळपासून आखू नका, संध्याकाळपासून उलटा आखा. बेळगाव ते बदामी यरगट्टीमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साडेतीन तास धरा. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. अंधारात ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागे तासाभराहून जास्त रखडायचं नसेल, तर बदामी साडेतीनला सोडायला हवी. त्याआधी देवीदर्शन आणि जेवण, दोन तास. म्हणजे दीडच्या आत डोंगरातून खाली. खडकापाशी तासभर आणि चालायला दोन्ही बाजूंचे दीड-दीड तास धरले, तर नऊच्या आत पाऊल उचललं पाहिजे. म्हणजेच बेळगाव पाचला सोडायचं. ‘सहाला निघू’ म्हणजे आपल्याकडे सात, हे मी तुम्हांला सांगायला नको. आणि साडेअकरा वाजले की कमान समोर दिसत असली तरी मागे फिरायचं, हे घरीच ठरवून टाका. तिथं पोचल्यावर हा निर्णय कुणाच्यानं होत नाही.

घरातली मोठी माणसं म्हणतील, आधी देवी. बरोबर आहे त्यांचं. बनशंकरी बदामीपासून पाचेक किलोमीटरवर. आजी-काकूंना सकाळीच तिथं सोडा. हरिद्रातीर्थाच्या काठी त्यांचा वेळ छान जातो. चालणाऱ्यांनी डोंगर उरकून दुपारी त्यांना गाठावं. देवळासमोर बायका टोपल्या घेऊन बसतात : ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. माझ्या मते निम्मी सहल तिथंच वसूल होते. पौष पौर्णिमेपासूनच्या जत्रेचे दिवस मात्र टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही. लेणीही त्याच दिवसात कोंबू नका. ती वेगळ्या दिवसाची.

दिवसाइतकाच महत्त्वाचा महिना, आणि तो ठरवतो दगड. बेळगावच्या परिसरात आपल्या पायांना काळ्या फत्तराची आणि जांभ्याची सवय. तो काळा फत्तर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बदामीचा दगड त्याहून कितीतरी जुना, पाण्यानं आणून टाकलेल्या वाळूचा. नीट बघितलंत तर वाळूचे तिरपे थर अजून दिसतात. असा दगड ओला झाला की कच्चा होतो. कोरडा असताना पक्की वाटलेली कड पावसानंतर हातात येते. देशभरातून इथं येणारे गिर्यारोहकसुद्धा ओल्या वालुकाश्माला हात लावत नाहीत. उन्हाळ्यात उलटा प्रकार : खडक तापतो आणि वरून ऊन, खालून आच. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली, केळी, भाजलेले शेंगदाणे. कुंदा, म्हणजे आपली खव्याची मिठाई, गाडीतच राहू दे. हातात पिशवी नको, पाठीवर सॅक हवी. बदामीची माकडं हातातलं काहीही ओढतात. चपला अजिबात नकोत. काट्यांमुळे पूर्ण पँट बरी.

वाट सरळ नाही. मेंढपाळांच्या पायवाटा जागोजागी फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून गावातला माहीतगार सोबत घ्या, पैसे आधी ठरवा. कुणाला विचारलंत तर ‘इल्ले ऐति’ असं उत्तर येईल. डोंगरात चालणाऱ्या माणसाचं ‘इथंच’ आपल्यासाठी अर्ध्या तासाचं असतं, एवढं लक्षात ठेवा.

दोन गोष्टी मात्र सक्तीच्या. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. धूर, विडी, स्पीकर, भडक अत्तर, सगळं बंद. आणि चित्रांना हात लावू नका. रंग उठून दिसावा म्हणून फोटोआधी त्यांवर पाणी मारणारे लोक असतात. त्या पाण्यानं हजारो वर्षं टिकलेला रंग जातो. तुमच्या टोळक्यात कुणी बाटली उघडली, तर तिथल्या तिथं अडवा. पाहुणा असला तरी.

शेवटचं, गाडी चालवणाऱ्याविषयी. पहाटे पाचला निघून आठ किलोमीटर चाललेला माणूस दुपारच्या भाकरीनंतर पेंगणारच. दोन चालक न्या, नाहीतर त्याला देवळापाशी अर्धा तास झोपू द्या. तेवढा उशीर झाला तरी चालेल. यरगट्टीला चहाला थांबा आणि पुढे सावकाश या.

नमस्कार.