मेदातील चेतातंतू आणि त्यांचा संदेश गिळणाऱ्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार. शरीरातली चरबी म्हणजे निमूटपणे पडून राहिलेला साठा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मेदऊतीत मेदपेशींच्या जोडीला रोगप्रतिकारक पेशी आणि अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे शरीराला ताणाच्या प्रसंगी सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेचे, बारीक तंतूही असतात. थंडी वाजली किंवा उपास घडला, की या तंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन स्रवते, मेदपेशीवरील ग्राही (रिसेप्टर) ते टिपतात आणि साठवलेल्या चरबीचे विघटन सुरू होते. तपकिरी मेदात तर याच संदेशामुळे उष्णता निर्माण होते.

मग इथे रोगप्रतिकारक पेशींचे काय काम? थंडीत मेदातील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, स्वतःच नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतात, असे २०११ साली ‘नेचर’मधील एका शोधनिबंधात मांडले गेले. कल्पना आकर्षक होती, पण टिकली नाही. २०१७ मध्ये इतर संशोधकांनी फेरतपासणी केली, तेव्हा या निर्मितीला लागणारे विकर (एन्झाइम) त्या पेशींत दखल घेण्याजोग्या प्रमाणात आढळले नाही.

त्याच वर्षी पोर्तुगालमधील गुलबेंकियन संस्थेत आना डोमिंगोस यांच्या गटाला उंदरांमध्ये नेमके उलट चित्र दिसले. चेतातंतूंना बिलगून राहणाऱ्या काही मॅक्रोफेज पेशी आपल्या पृष्ठभागावरील वाहक प्रथिनाच्या साहाय्याने नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आत ओढून घेतात आणि तिथे त्याचे विघटन करतात; लठ्ठ उंदरांत अशा पेशी अधिक असतात, आणि त्यांच्यातील ते प्रथिन जनुकीय बदलाने काढून टाकल्यावर उंदरांचे वजन लक्षणीय घटले. येल विद्यापीठातील विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०१७ मध्येच वृद्ध उंदरांत असाच प्रकार दाखवला: वयानुसार वाढणाऱ्या दाहामुळे त्यांच्या मेदातील मॅक्रोफेज हा संदेश अधिक प्रमाणात नष्ट करतात, त्यामुळे उपासातही चरबी पुरेशी सुटत नाही.

मग ते वाहक प्रथिन औषधाने बंद का करू नये? अडचण अशी, की तेच प्रथिन चेतापेशींवरही असते, त्याच्या साहाय्याने त्या स्रवलेले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन परत आत ओढून घेतात, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा प्रभाव हृदयावरही पडतो. चेतापेशींकडून होणारे हे पुनर्शोषण, म्हणजे परत आत ओढून घेणे, रोखणारे सिबुट्रामिन हे वजन घटवण्याचे औषध, हृदयविकार व पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे, २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. म्हणून चेतापेशींना धक्का न लावता केवळ या भक्षक पेशींनाच गाठणारे औषध हवे आहे.