गोवर निघाला अन् गाठ उतरली

नमस्कार मंडळी. हरभरा घाट्यावर आला की संध्याकाळी पंपात नीळ घालून तुम्ही एचएएनपीव्ही फवारता, तो विषाणूच असतो. घाटेअळी उलटी लटकून मरते, पण बैलाला, मधमाशीला, तुम्हाला काही होत नाही. असा निवडून मारणारा विषाणू कॅन्सरच्या गाठीवर चालेल का, हे डॉक्टर तपासताहेत.

त्यातली माझी आवडती गोष्ट युगांडातली. तिथल्या एका आठ वर्षांच्या पोराला उजव्या डोळ्यामागं गाठ आली. बर्किट लिम्फोमा, म्हणजे तिकडच्या लहान मुलांत दिसणारा, झपाट्यानं वाढणारा कॅन्सर. तुकडा काढून तपासला, निदान पक्कं झालं. आता उपचार सुरू करायचे, तर पोराच्या अंगावर गोवर निघाला! आपल्याकडं गोवर निघाला की काय करतात, ते मी सांगायला नको. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. डहाळा खुशाल बांधा हो, पण ताप चढला तरी लेकराला दवाखान्यात नेत नाहीत, हे मला कधीच पटलं नाही. असो. तिकडं डॉक्टर रोज बघत होते. अंगावर पुरळ आलं अन् डोळ्यामागची गाठ उतरायला लागली. कॅन्सरचं औषध दिलं नव्हतं. नीट ऐका, औषध दिलंच नव्हतं, तरी गाठ उतरली. त्यांनी फोटो काढून ठेवले होते, नाहीतर कोण विश्वास ठेवणार? 1971 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

ही गोष्ट सांगितली की एखादी माउली विचारतेच, "बाई, मग पोराला गोवर होऊ द्यावा का?" अजिबात नाही! गोवरानं लेकरं दगावतात, डोळे जातात. लस द्यायचीच. नवव्या महिन्यात एक, दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. पुन्हा सांगते, दोन्ही डोस.

म्हणून चाचण्यांत विषाणू बदलून घेतात. 2014 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकनं लसीतलाच गोवराचा विषाणू बदलून दोन बायांना शिरेतून दिला. दोघींचा मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला रक्ताचा कॅन्सर, औषधांना दाद देत नव्हता. एक कोटी लोकांना टोचता येईल एवढा विषाणू एका डोसात! एकीचा आजार बरेच महिने हटला, दुसरीला तेवढा गुण आला नाही. 2015 मध्ये तिथं त्वचेच्या कॅन्सरवर, मेलानोमावर, टी-व्हेक नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीसचे दोन जनुक काढले, शरीराच्या शिपायांना हाक मारणारा एक घातला. गाठीतच टोचतात. मोठ्या चाचणीत शंभरातल्या सोळा जणांना टिकाऊ गुण आला, दुसऱ्या औषधावर दोघांना. शंभरातले सोळा, सगळे नव्हे.

आपल्याकडं मात्र तोंडाचा कॅन्सर जास्त, अन् तो येतो पन्नीत घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्‍यातून. लग्नात पंगत उठली की पाहुण्यांपुढं खर्रा ठेवतात, याला मी मानपान म्हणत नाही. तोंडातला छाला दोन आठवड्यांत भरला नाही तर विषाणूची वाट बघत बसू नका, नागपूरला किंवा सेवाग्रामला दाखवा.

अन् कुणी म्हणालं, विषाणूचं नवं इंजेक्शन आहे, चाचणी चालू आहे, दोन लाख द्या, तर आधी मराठीतला संमतीचा कागद मागा. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नसतात. पैसे मागितले की उठायचं अन् घरची बस धरायची.