धर्म सरकारच्या हातात गेला की

मंडळी, या विषयावर बोलायला उभं राहिलं की निम्म्या लोकांना वाटतं आता हा धर्माला शिव्या घालणार. तसं काही नाहीये. माझं म्हणणं उलटंच आहे, सरकारने राजकारणासाठी धर्म वापरला की जो माणूस धर्म मनापासून पाळतो त्याचीच आधी पंचाईत होते.

रशियाचा पीटर द ग्रेट बघा. 1721 मध्ये त्याने चर्चच्या प्रमुखाचं पदच काढून टाकलं आणि कारभार एका मंडळाकडे दिला, सरकारी खातंच म्हणा ना, आणि नंतर पाद्रींना हुकूम निघाला की कन्फेशनमध्ये, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली देताना, कोणी झारविरुद्धच्या कटाबद्दल बोललं तर कळवायचं. आता देवापुढे मन मोकळं करायला गेलेल्याने काय समजायचं, समोर पाद्री बसलाय की खबऱ्या?

पण जास्त शिकण्यासारखं आहे ते पाकिस्तानात. 1977 मध्ये पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंवर निवडणुकीत गडबड केल्याचा आरोप झाला, आंदोलन पेटलं, तर भुट्टोंनी धार्मिक पक्षांना शांत करायला दारूबंदी आणली, शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. उपयोग शून्य. कारण या खेळात तुमच्यापेक्षा जास्त बोली लावणारा कोणीतरी असतोच, जुलैमध्ये लष्करप्रमुख जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली, 90 दिवसांत निवडणूक घेतो म्हणाले, आणि ते 90 दिवस काही संपेचनात.

मग डिसेंबर 1984 मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं. प्रश्न लांबलचक होता, पण थोडक्यात असा की देशाचे कायदे इस्लामनुसार करायचं जे काम चाललंय ते तुम्हाला मान्य आहे का, आणि 'हो' म्हणजे झिया आणखी 5 वर्षं राष्ट्राध्यक्ष! काय डोकं लावलंय बघा. ज्याला धर्म हवाय पण हा जनरल नकोय त्याने शिक्का कुठे मारायचा? सरकारी आकडा आला 97 टक्क्यांहून जास्त 'हो'. यायचाच.

त्याआधी 1980 मध्ये जकातीचा कायदा झाला होता. जकात म्हणजे श्रद्धेने द्यायचं दान, ते सरकारने बँकेच्या बचत खात्यातून अडीच टक्के थेट कापायला सुरुवात केली, रमजानच्या पहिल्या दिवशी. लोक काय करायला लागले, तर रमजानच्या आधीच पैसे काढून घ्यायला लागले. ज्यात पुण्य बघायचं त्यात माणूस टॅक्स वाचवल्यासारखी पळवाट शोधायला लागला. शियांनी इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं की आमच्या फिक्हमध्ये, म्हणजे आमच्या पंथाच्या धर्मशास्त्रात, हे असं बसत नाही, सरकारला सूट द्यावी लागली. पण सूट हवी तर डिक्लेरेशन भरून द्या की मी अमुक फिक्ह मानतो. म्हणजे कोणाची श्रद्धा कुठली, हे आता बँकेच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवायचं.