त्झात्झिकी: सगळा खेळ पाणी काढण्याचा

श्रोतेहो, नमस्कार. ग्रीसमधल्या खानावळीत जेवणाआधी छोट्या बश्यांमधून जे चटकमटक येतं, त्यात त्झात्झिकी हमखास असते. दही, काकडी, लसूण, ऑलिव्ह तेल. सामान इतकंच, तरी पुष्कळांची बिघडते, आणि बिघडते ती पाण्यामुळे.

दह्यापासून सुरुवात करू. ग्रीसमध्ये घट्ट, निथळलेलं दही वापरतात; मेंढीच्या दुधाचं असेल तर फारच छान. आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का तेच काम करतो. एक किलो सायीचं, ताजं दही फडक्यात बांधून सहा ते आठ तास फ्रिजमध्येच टांगा किंवा चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर ते आंबतं, आणि तो आंबटपणा लसणीवर मात करतो. साधारण अर्धा किलो चक्का मिळेल.

आता काकडी. ती बहुतेक पाण्याचीच बनलेली. अडीचशे ग्रॅमची काकडी आधी चाखून पाहा. कडू असेल तर बाजूला ठेवा. बिया काढून जाड किसा, अर्धा चमचा मीठ चोळा आणि अर्धा तास थांबा. मीठ पाणी बाहेर ओढतं. मग सुती फडक्यात घालून पीळ देत राहा, थेंब थांबेपर्यंत. कीस मुठीत दाबला की कोरडा गोळा झाला पाहिजे. इथे घाई केली तर तासाभरात बशीत तळं साचतं.

लसणीच्या दोन पाकळ्या चिमूटभर मीठ घालून खलबत्त्यात अगदी लोण्यासारख्या वाटा. त्या चक्क्यात मिसळा, एक मोठा चमचा द्राक्षाचं लाल व्हिनेगर घाला आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल बारीक धारेनं ओतत ढवळा. लिंबू चालतं, पण चव व्हिनेगरचीच खरी. शेवटी काकडी आणि बारीक चिरलेला शेपू. आपला शेपू उग्र असतो, म्हणून एक लहान चमचाच. मीठ सर्वांत शेवटी चाखून घाला, कारण काकडीत ते आहेच. साखर, जिरं, फोडणी यांतलं काही नको. मिक्सर तर मुळीच नको. त्यात दह्याची बांधणी मोडते आणि ते पातळ होतं.

दोन तास फ्रिजमध्ये मुरू द्या. लसूण पुढेही चढत जाते, म्हणून उद्यासाठी करत असाल तर एकच पाकळी घ्या. सुवलाकी, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, किंवा तळलेल्या वांग्याच्या कापांबरोबर ही गारच वाढतात. उरलेली दोन दिवसांत संपवा. वर पाणी सुटलं तर ते ढवळून मिसळू नका, ओतून टाका.