बायकांचे पेपर आणि ब्राझीलचं लष्कर

ब्राझीलमधे १९६४ ला लष्कराने सत्ता बळकावली, आणि १९६८ च्या डिसेंबरात एक फर्मान काढून उरलंसुरलं स्वातंत्र्यही गुंडाळलं. साओ पाउलोच्या 'जोर्नाल दा तार्दे' मधे सेन्सॉर बातमी उडवायचा, मग संपादक त्या जागी चक्क रेसिपी छापायचे. केकची वगैरे. वाचक काय ते समजायचे.

म्हणजे स्वयंपाकघराची कुणाला भीती नव्हती! इथेच गंमत आहे.

१९७५ हे युनोचं महिला वर्ष (आपल्याकडे आणीबाणी लागली तेच वर्ष), त्या निमित्ताने तिथल्या बायकांना निदान उघडपणे मीटिंगा घेता आल्या आणि त्याच वर्षी लोंद्रिना शहरातून 'ब्राझील मुल्येर' हा टॅब्लॉइड सुरू झाला, पुढच्या वर्षी साओ पाउलोतून 'नोस मुल्येरेस', म्हणजे आम्ही बायका. काढणाऱ्यांत बऱ्याच जणी डाव्या चळवळीतल्या, काही तर तुरुंगातून सुटून आलेल्या. तेरेझिन्या झेर्बिनी या वकीलबाई स्वतः १९७० मधे तुरुंगात होत्या, नवरा लष्करात जनरल, पण १९६४ च्या लष्करी उठावाला विरोध केला म्हणून घरी बसवलेला. राजकीय कैद्यांना सोडा, या मागणीसाठी बाईंनी बायकांची संघटना उभी केली आणि 'ब्राझील मुल्येर' ने ती मागणी लावून धरली.

बाकी पानांवर काय? पाळणाघरं नाहीत, पुरुषाइतकंच काम पण पगार कमी, मूल कधी हवं ते ठरवणार कोण, आणि महागाई. महागाईवर तर साओ पाउलोच्या वस्त्यांमधल्या आयांनीच रान उठवलं, १९७८ ला सरकारला दिलेल्या अर्जावर १३ लाख सह्या होत्या! आता याला राजकारण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

बरं, लष्कर एकीकडे, पण आपलेच कॉम्रेड पण सांगायचे, आधी लोकशाही येऊ दे, बायकांचं नंतर बघू. हे 'नंतर' आपल्याला पण चांगलंच ओळखीचं आहे.

पैसे कायम कमीच. 'नोस मुल्येरेस' ८ अंक काढून १९७८ ला बंद पडला. १९८० मधे तर असले पर्यायी पेपर विकणाऱ्या स्टॉलवर उजव्या गटांनी बॉम्ब टाकले, मग बऱ्याच स्टॉलवाल्यांनी ते ठेवणंच सोडलं.

राजकीय कैद्यांना माफी देणारा कायदा मात्र त्याआधीच, ऑगस्ट १९७९ ला झाला होता. कैदी सुटले, देशाबाहेर गेलेले परतले, आणि त्याच कायद्याच्या आडोशाने कैद्यांचा छळ करणारे अधिकारीही सुटले.